आकडे नसलेलं घड्याळ

घड्याळाला आकडे होते. चांगले माणसाएवढे उंच, काळेकुळकुळीत, बाराच्या बारा. टॉवरच्या पायथ्याशी मान मोडेपर्यंत वर बघत ती उभी राहिली, आणि अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं तिला झालं. आजूबाजूला सुट्टीची गर्दी लोटली होती. लोक घड्याळाकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होते. एक गृहस्थ बायकोला सारखं डावीकडे सरक, अजून सरक म्हणत होता आणि ती बिचारी सरकत सरकत चौकटीबाहेर गेली होती. घड्याळाला आकडे आहेत की नाहीत याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. तिने पर्समधून पत्र काढलं. खरं म्हणजे काढायची गरज नव्हती, पत्र तोंडपाठ होतं. पण पाठ असलेल्या गोष्टीवर विसंबू नये, कागद बघावा, ही तिच्या नोकरीची शिकवण. बाबांच्या ठसठशीत, फरश्या बसवाव्यात तशा सुट्या सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथे एक मोठा टॉवर आहे. त्याच्या घड्याळाला आकडेच नाहीत, नुसते दोन काटे. शिवाय ते मुकं आहे. इथली माणसं वेळ अंदाजानंच ओळखत असावीत.’ ती पत्राची घडी घालते न घालते तोच अकरा वाजले. ठोके असे पडले की दातांपर्यंत जाणवले. कबुतरं उडाली, एक तान्हं मूल रडायला लागलं. तिने अकराही ठोके मोजले. दादा म्हणाला, बहुतेक घड्याळ मागाहून बदललं असेल. तिने नुसतं बोट दाखवलं. घड्याळाखालच्या दगडात साल कोरलं होतं, बाबांच्या जन्माच्याही आधीचं. दादाने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, तिच्याहून सात वर्षांनी मोठा. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पोरांना अवघडातली अवघड गणितं फोड करून सांगितली, पण घरातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल विचारलं की तोंडात मूग. जोडून तीन दिवसांची सुट्टी येतेय असं कळल्यावर त्यानेच फोन केला होता. चल, बाबांचं शहर बघून येऊ, म्हणाला. हॉटेल मी ठरवतो. तिला नवल वाटलं, कारण ‘बाबांचं शहर’ हा विषय आई असेपर्यंत त्या घरात कुणी काढत नसे, आणि आईला जाऊन जेमतेम आठ महिने झाले होते. ती लगेच हो म्हणाली. नवऱ्याने विचारलं, बघायला काय आहे तिथे? तेच बघायचंय, ती म्हणाली. ते अगदी खरं होतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, ती नऊ वर्षांची असताना, तिचे बाबा वीस महिने त्या शहरात राहिले होते आणि एकदाही घरी आले नव्हते. त्या शहरात असं काय होतं जे तिच्यात नव्हतं, एवढंच तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. छप्पन्न वर्षांच्या बाईने असा हट्ट धरावा हे हसण्यासारखं आहे, हे तिलाही कळत होतं. कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

बाबा फरशी बसवणारे. गुडघ्यांना गोणपाटाच्या पट्ट्या बांधून दिवसभर रांगत असत. फरशी बसली की लाकडी मुठीच्या हातोडीने तिच्या चारही कोपऱ्यांवर हलके ठोके मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. खालचा सिमेंटचा माल भरून बसला असेल तर आवाज बंद, जड. कुठे हवा राहिली असेल तर फरशी पोकळ वाजते, मग ती उचलायची आणि पुन्हा बसवायची. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ती ठोके ऐकायची आणि बाबांच्या आधी सांगायची, पोकळ. त्यांची दुमडती फूटपट्टी तर तिच्या हातातून सुटत नसे. दार मोज, मांजर मोज, दादाचं नाक मोज. म्हणून बाबा तिला ‘पट्टी’ म्हणायचे, आणि पुढे ती भूमापन खात्यात नकाशे काढायला लागली तेव्हा घरातलं कुणी म्हणालं नाही, पण सगळ्यांना वाटलं असणारच की हे ठरलेलंच होतं. पत्रंही ‘चि. पट्टीस अनेक आशीर्वाद’ अशीच सुरू होत. एकूण सात पत्रं. आईने सांगितलं होतं, बाबांना मोठ्या म्युझियमची फरशी बसवायचं काम मिळालंय, मोठं काम आहे, वेळ लागेल. पत्रांत मात्र फरशीबद्दल एक अक्षर नसे. सगळं शहराचंच वर्णन. टॉवर, घुमट, नदी, रेल्वे. गाडी घड्याळाच्या खालून निघते आणि घुमटाच्या पोटात शिरते. घड्याळाच्या बरोब्बर मागे एक धुराडं आहे, टॉवर विडी ओढत बसलाय असं वाटतं. घुमटाच्या डाव्या खांद्याला टेकून एक पाण्याची टाकी उभी आहे, कानगोष्टी करत. आणि प्रत्येक पत्राचा शेवट तोच. ‘बाकी इथून सगळं छान दिसतं.’ नऊ वर्षांच्या मुलीला त्या वाक्याचा अर्थ एकच लागत होता, की बाबा तिकडे मजेत आहेत.

तिसऱ्या पत्रापासून ती मुलगी आली. ‘इथे तुझ्याएवढीच एक मुलगी आहे. लाल फ्रॉक घालते. सकाळपासून माझ्यासमोर उभी असते. एक शब्द बोलत नाही, हट्टी आहे, पण वारा सुटला की नाचते. मीही तिला पट्टीच म्हणतो. कोण असेल सांग?’ हे वाचून ती घराच्या मागच्या दाराशी जाऊन बसली होती, आणि त्या दाराची खरबरीत लाकडी चौकट पाठीला टोचत होती हे तिला आजही आठवतं. आपलं नाव दुसऱ्या मुलीला दिलं. बाकी काहीही द्यायचं होतं, पण नाव दिलं. चौथ्या पत्रात ती मुलगी पावसात भिजली म्हणून बाबांना काळजी वाटली होती. पाचव्यात लिहिलं होतं की ती आता उंच झाली आहे. तेव्हा तिने शाळेच्या वहीचा कागद फाडून उत्तर लिहिलं, मला त्या मुलीचं काहीही सांगू नका, आणि आईच्या हातात दिलं. आईने वाचलं, थोडा वेळ कागद तसाच धरून उभी राहिली, आणि पाकिटात घातला. पाकिटावर पत्ता आईच लिहायची. पुढच्या दोन पत्रांत ती मुलगी आली नाही. त्या दिवसापासून तिने घरात सगळ्यांना बजावलं की मला पट्टी म्हणायचं नाही.

दादाने ठरवलेलं हॉटेल गावाबाहेर टेकडीवर होतं. दगडी, जुनं, उंच छपराचं, आणि पुढे आगगाडीच्या डब्यासारखा लांबच लांब व्हरांडा. गावात इतकी हॉटेलं सोडून इतक्या लांब कशाला, असं तिने विचारलं तर तो म्हणाला, हवा चांगली आहे. पहिल्या दिवशी खोलीत शिरतानाच तिला काहीतरी खटकलं होतं. दार नेहमीच्या दारापेक्षा हातभर रुंद होतं आणि त्याला उंबरा नव्हता. खोलीत भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे काटकोन नव्हता, कोपरा गोल घोटून घेतला होता, म्हणजे फडकं सरळ भिंतीवर चढावं आणि सांदीत कण राहू नये. फरशीवाल्याची मुलगी, तिचं लक्ष तिथेच जायचं. हॉटेलात एवढ्या सोवळ्याने कोण फरशी पुसतं, असा विचार येऊन गेला आणि ती तोंड धुवायला गेली. दादा मात्र चहा घेऊन जो व्हरांड्यात जाऊन बसला तो जेवणापर्यंत हलला नाही. उजवीकडून चौथ्या खांबाजवळची वेताची खुर्ची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर ते उठेपर्यंत घुटमळत राहिला.

रविवारी म्युझियम. आत शिरल्या शिरल्या तिने खाली पाहिलं. लाकूड. सगळीकडे लाकडी फळ्यांची जमीन, वर्षानुवर्षांच्या मेणाने काळवंडलेली, चालताना कुरकुरणारी. वाट दाखवणारी एक तरुण पोरगी बारा-पंधरा जणांचा घोळका घेऊन चालली होती, तिला विचारलं तर म्हणाली, हे मूळचंच लाकूड आहे, कधीच बदललेलं नाही, फरशी इथे कुठेही नाही, अगदी तळघरातसुद्धा. दादा एका काचेच्या कपाटापुढे जाऊन उभा राहिला. कपाटात जुनी कुलुपं होती. त्या कुलुपांत त्याने इतकं मन घातलं की जणू ती उघडायचं काम त्याच्याकडे आलं होतं. ती घुमटाखाली गेली, पर्समधून दुसरं पत्र काढलं आणि त्या पोरीला विचारलं की घुमटाच्या अगदी माथ्यावर खोलगट आहे का, तिथे पाणी साठतं आणि पक्षी आंघोळ करतात, खरं का? पोरगी चकित झाली. म्हणाली, आहे खरी खोलगट, दुरुस्तीच्या माणसांनी फोटो काढले होते त्यात पाहिली. पण खालून कुठूनच दिसत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं? वडिलांनी, ती म्हणाली. ते वर चढले होते का? नाही, ती म्हणाली, ते फरशी बसवायचे. पोरीने समजूतदारपणे मान हलवली, जशी म्हाताऱ्या माणसांपुढे हलवतात तशी, आणि घोळक्याला घेऊन नाण्यांच्या दालनात गेली.

दुपारी नदी. ‘नदीला पूल नाही,’ बाबांनी लिहिलं होतं, ‘लोक पलीकडे कसे जातात देव जाणे.’ पूल होता. पाच कमानींचा, दगडी, रुंद, त्यावरून दोन बस आरामात जातील असा. त्याच्या मधोमध उभं राहून तिला इतका संताप आला की तिने कठड्यावर मूठ आपटली. माणसाने खोटं बोलावं, पण इतकं ढोबळ? वीस महिने ज्या शहरात राहिला त्याच्या नदीवर पूल आहे हे माहीत नाही, घड्याळाचे ठोके कानावर पडले नाहीत, म्युझियमच्या दारात पाय ठेवला नाही. मग होता कुठे हा माणूस? सात पत्रांत एकाही दुकानाचं नाव नाही, कुणी शेजारी नाही, कुठला वास नाही, चप्पल तुटली नाही की कुणाशी भांडण झालं नाही. पूर्वी हे का जाणवलं नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं. फरशी असती तर बाबांनी स्वतःच ती ठोकून सांगितलं असतं, पोकळ आहे, उचल. दादा मागून गुडघा धरत धरत येत होता. तो जवळ आल्यावर ती म्हणाली, “उंटावरून शेळ्या हाकल्यात नुसत्या. या शहरात बाबा राहिलेच नव्हते.” तिला वाटलं तो म्हणेल, काहीतरीच काय. तो नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, पाय दुखतायत, परत जाऊ या.

परतताना टॅक्सीत ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि बाबा घरी आले तो दिवस, नको नको म्हणताना, पुढे आला. तिने दारातून त्यांना येताना पाहिलं होतं. शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा लोंबत होता. वीस महिन्यांचा राग क्षणात विसरून ती धावत सुटली, आणि बाबांनी हात पुढे केला. घ्यायला नव्हे, थांबवायला. तळवा तिच्याकडे. “तिथूनच बोल,” ते म्हणाले आणि तोंड दुसरीकडे वळवलं. ती जागच्या जागी थांबली. पुढे तोच नियम झाला. बाबांचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण बाहेरच्या खोलीत. ती जवळ गेली की मान फिरवायचे. पूर्वी शेजारी बसवून ठोके ऐकवणारा माणूस आता तिला चार हातांच्या आत येऊ देत नव्हता. आई म्हणायची, दमलेत, त्रास देऊ नकोस. दादा पुस्तकात डोकं घालायचा. आठवडाभर तिने सोसलं आणि एका संध्याकाळी चार हातांवर उभी राहून, मोजून मापून, ती म्हणाली, “एवढं आवडतं तर परत जा तिकडे. तुमच्या त्या लाल फ्रॉकवालीकडे.” स्वयंपाकघरात आईच्या हातातून झाकण पडलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागावतील असं तिला वाटलं होतं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “ती आता तिथे नाही गं.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर ते चौदा वर्षं जगले. तिचं लग्न पाहिलं, तेही मांडवाच्या कडेला उभं राहून. त्या चौदा वर्षांत दोघांमध्ये भांडण असं कधी झालं नाही, बोलणंही चालायचं, जेवलात का, औषध घेतलं का. पण ते चार हात मिटले नाहीत. पुढे पुढे तर बाबा विसरून जवळ सरकले तरी तीच मागे व्हायची. बाबांना आपण नको होतो, एवढं तिने नऊ-दहाव्या वर्षी पक्कं केलं आणि मग त्या पायावर सगळं घर बांधत गेली. नवरा थट्टेने म्हणतो, तुझ्याशी संसार म्हणजे नकाशावर फिरायला जाणं, सगळं दिसतं, कुठे पोचत नाही. मुलगी थट्टा करत नाही. बाळंतपणाला आली होती तेव्हा एकदाच म्हणाली, आई, तू मला कधी जवळ घेतल्याचं आठवतच नाही. ती उठून दूध तापवायला गेली आणि गॅसपाशी उभी राहून स्वतःचे हात बघत राहिली.

खोलीत आल्यावर तिने पलंगावर नकाशा पसरला. हॉटेलच्या टेबलावरचा नव्हे. त्याच्यात टॉवर घराएवढा आणि नदी दोरीएवढी होती, प्रमाणाच्या नावाने शंख. हा तिच्या खात्याचा, मोजमापाने काढलेला. प्रवासाला निघताना लोक औषधं घेतात, ती नकाशा घेते. बाबांच्या खोटेपणाचा पंचनामा करायचा एवढाच तिचा इरादा होता. पत्रं ओळीने मांडली, आणि टॉवर, म्युझियम, पूल यांच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. मग गिरणीचं जुनं धुराडं सापडलं. घड्याळाच्या बरोब्बर मागे धुराडं. तिचा हात थांबला. धुराडं टॉवरपासून चांगलं मैलभर लांब होतं. टॉवरपाशी उभं राहिलं तर ते दिसतसुद्धा नव्हतं, काल दिसलं नव्हतंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांनी तिला एक साधी गोष्ट शिकवली होती. दोन वस्तू एकामागे एक एका रेषेत दिसल्या, की बघणारा त्याच रेषेवर कुठेतरी उभा असतो. कुठे, ते सांगता येत नाही. पण अशा दोन रेषा मिळाल्या, की त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे त्याचे पाय. तिने पट्टी घेतली. धुराड्यातून टॉवर, आणि रेषा पुढे ओढत नेली, गावाबाहेर. मग घुमटाच्या डाव्या खांद्याला टेकलेली टाकी. नकाशावर बारीक अक्षरांत होती, जुनी टाकी, वापरात नाही. टाकीतून घुमटाची डावी कड, आणि रेषा पुढे. रेषा सरळ आली. सवय. दोन रेषा एकमेकींना जिथे मिळाल्या तिथे टेकडीची वळणं होती, वळणांत एक लांबट चौकोन होता, आणि चौकोनाशेजारी लिहिलं होतं, क्षय रुग्णालय (बंद).

 मग तिने खोलीचा गोल घोटलेला कोपरा पाहिला. उंबरा नसलेलं, खाट ढकलत न्यावी एवढं रुंद दार पाहिलं. उतरून खाली बसली, गुडघ्यांवर, आणि बोटाच्या पेराने फरशीवर ठोके मारले. आवाज जड आला. तिच्या छातीत मात्र काहीतरी पोकळ वाजत होतं आणि ते थांबेना.

व्हरांड्यात संध्याकाळ झाली होती. दादा चौथ्या खांबाजवळच्या खुर्चीत होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावरून पाहिलं. खाली सगळं शहर पसरलं होतं, हातात धरावं एवढं. टॉवर होता, त्याच्यामागे धुराडं. घड्याळाचा पांढरा ठिपका, त्यावर दोन काटे, आकडे एकही नाही. घुमटाच्या माथ्यावर ओंजळभर पाणी चकाकत होतं. नदी वळण घेऊन स्टेशनामागे गेली होती आणि पूल त्या इमारतीने झाकला होता. एक गाडी घड्याळाखालून निघाली, आवाज न करता, आणि घुमटाच्या पोटात शिरली. बाबांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. जे दिसलं ते लिहिलं होतं, जिथून दिसलं ते तेवढं लिहिलं नव्हतं.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

दादाने मागे वळून पाहिलं, तिच्या हातातला नकाशा पाहिला आणि पुन्हा समोर बघायला लागला. मग हळूहळू बोलायला लागला. सोळा वर्षांचा होता. आईने शपथ घातली होती. घरात क्षय होता हे बाहेर फुटलं तर पोरीला पत्करणार कोण, हा तिचा एकच धोशा. धाकटी लहान आहे, बोलून जाईल, तिला कळताच कामा नये. बरे होऊन आल्यावर डॉक्टर म्हणाले होते, आता भीती नाही. पण बाबांचा विश्वास नव्हता. पोरीला माझा श्वास लागायला नको, म्हणायचे. पुढे लग्न झालं तुझं, बाबा गेले, आणि सांगायचं राहूनच गेलं. आई गेल्यावर रोज ठरवायचो. फोन लावायचो आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचो. जीभच उचलत नव्हती. मग म्हटलं, इथे आणावं. “तू नकाशे काढतेस. म्हटलं, काढशील तूच शोधून.”

तिला त्याचा राग आला, आणि त्याच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघून तो रागही धड टिकेना. तिने खाली शहराकडे पाहिलं. रस्ते दिसत होते, पण रस्त्यांवर माणूस दिसत नव्हता. आणि तेव्हा इतकी वर्षं ठसठसणारं ते पुन्हा वर आलं. सगळं बसलं होतं, एकच फरशी बसत नव्हती.

“इथून माणूस दिसत नाही, दादा. मग ती मुलगी कोण?”

दादाने समोरच्या दोन खांबांकडे पाहिलं.

“मुलगी नव्हती,” तो म्हणाला. “लहान मुलांना आत सोडत नव्हते. तुला आणता येत नव्हतं. तर बाबा आईला म्हणाले, तिचं काहीतरी आण. पुढच्या खेपेला, तुला शेजाऱ्यांकडे ठेवून आलो तेव्हा, आईने तुझा लाल फ्रॉक आणला, तोकडा झालेला. पिशवी माझ्याच हातात होती.”

आईने तिला सांगितलं होतं, तो फ्रॉक फाटला, टाकून दिला. ती दोन दिवस रडली होती.

“इथे, या दोन खांबांत तार होती. टॉवेल वाळत घालायची. बाबांची खाट इथे, मी बसलोय तिथे. समोर त्यांनी तो टांगला. नुसता टांगला नाही. मला विचारलं, आता केवढी झालीय? मी हाताने दाखवलं. मग पट्टी घेऊन जमिनीपासून मोजलं आणि तेवढ्यावर बांधला. दर दोन-तीन महिन्यांनी दोरी आखडून बोटभर वर घ्यायचे, तू वाढत असशील म्हणून. पाऊस आला की नर्सला हाका मारायचे, तिला आत घ्या म्हणून. त्यांना वाटलं, तू ओळखशील. पत्रात कोडं घातलं होतं ना. तुझं ते उत्तर आलं तेव्हा मी इथेच होतो.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. म्हणाले, बरोबर आहे तिचं.”

 फ्रॉकचं काय झालं, तिने विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत होतं, बाबांनीच ते चार हातांवरून दिलं होतं आणि भिंतीकडे तोंड केलं होतं. दादा म्हणाला, घरी सोडताना सगळं जाळायचे. कपडे, चादरी, पुस्तकं. तुझी पत्रंसुद्धा. दाराशी भट्टी होती. बाबा म्हणाले, एवढा एक उकळून घ्या आणि द्या. नियम म्हणजे नियम, त्यांनी दिला नाही.

खाली एकेक दिवा लागत होता. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी चहाचे कप गोळा करत होतं. तिने पर्स खाली ठेवली आणि दादाला म्हणाली, तू जरा त्या खुर्चीतून ऊठ. त्याने कारण विचारलं नाही. खुर्चीचे हात धरून उठला आणि खांबाशी जाऊन उभा राहिला. ती पुढे गेली. दोन खांबांच्या मधोमध, कठड्यापाशी, शहराकडे पाठ करून आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभी राहिली. मध्ये अंतर किती, ते तिने न मोजता ओळखलं. चार हात. टेकडीवरून वारा सुटला. तिच्या कपड्यांना लागला, बाह्यांना, केसांना, आणि तिने काहीही आवरलं नाही.

“आत चल, पट्टे,” दादा म्हणाला. “गारठलीस.”

“थोडा वेळ उभी राहते.”

पाठीमागे, खाली, घड्याळात सात वाजले असतील. इथे काही ऐकू आलं नाही.